दोनशे तेरा गाठी

वहीब एफेंदींचा चेहरा एकदा बघून कुणाच्या लक्षात राहायचा नाही. कैरोतल्या शुब्रा वस्तीत आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर ते राहायचे. रेडिओच्या कचेरीत आम्ही दोघं कामाला होतो. मी यंत्रं दुरुस्त करायचो, ते ध्वनिमुद्रणांची कोठी सांभाळायचे. साहेबाने आवाज चढवला की हे ‘हो हो’ करत टेबल पुसायला लागायचे. माझं डोकं फिरायचं. “एफेंदी, जन्मात एकदा तरी नाही म्हणा की!” म्हटलं तर नुसते हसायचे.

पण ह्या गरीब गाईच्या डोक्यात काय शिजतंय ते मला एकट्याला ठाऊक होतं. महायुद्ध संपल्यावर परदेशी फौजेने मोडीत काढलेलं, आवाज टिपणारं एक यंत्र मी त्यांना दुरुस्त करून दिलं होतं. ध्वनिमुद्रणाची फीत तेव्हा आमच्याकडे यायची होती. आवाज पोलादी तारेवर उतरायचा, केसाइतक्या बारीक. तार तोडून पुन्हा जोडायची तर गाठ मारायची, दुसरा उपाय नव्हता. वहीब भिंग आणि चिमटा घेऊन बसायचे आणि माणसाच्या आवाजातून शब्द कापून काढायचे. शब्दाची सुरुवात फेकून द्यायची, मागे जी शेपटी घुमत राहते तेवढी ठेवायची. मग तिला दुसरी शेपटी जोडायची, मग तिसरी.

“शब्द गेला की माणूस उरतो, तौफीक,” ते म्हणायचे.

“भूत उरतं,” मी म्हणायचो.

ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आवाज सुरू कधी झाला ते कळलंच नाही. तो आधीपासून खोलीत होता आणि आत्ता कुठे माझं लक्ष गेलं, असं वाटलं. मधूनच एखादी गाठ यंत्रावरून सरकायची आणि ‘टिक्’ व्हायचं, कुणीतरी दारावर नखाने वाजवल्यासारखं. सात मिनिटं मी हललो नाही. मग म्हटलं, पुन्हा लावा. मी कुणाची खोटी स्तुती करणारा माणूस नाही, पण असलं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

आवाज उम्म शफीकचा होता. ती आमच्या गल्लीची सुईण, आणि मयताच्या घरी बायकांच्या रडण्याला सूर धरून देणारीही तीच. माणसाला आणायचंही तिने आणि पोचवायचंही तिनेच. कोपऱ्यावरचा वाणी वारला तेव्हा वहीबांनी यंत्र चादरीखाली झाकून त्याच्या घराच्या जिन्यात ठेवलं आणि तिचा विलाप तिला न विचारता तारेवर घेतला. त्यातले शब्द काढण्यात अकरा महिने गेले. वाण्याचं नावही कापलं गेलं. एकूण गाठी झाल्या दोनशे तेरा.

दमियानाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, ती तार घरात नको होती. लग्नाला नऊ वर्षं होऊन तिला दिवस गेले होते. जिन्यात गाठून ती मला म्हणाली, “तुमच्या मित्राला सांगा काहीतरी. मेलेल्याचं नाव काढून टाकलंय त्यांनी. आता ते रडणं कुणाचं? ते आपलं माणूस शोधत फिरेल.”

“सित्त दमियाना, पोलादाची तार आहे ती. ती कशाला कुणाला शोधेल?” मी म्हणालो. मला असल्या गोष्टींचा मनस्वी तिटकारा होता.

ऑगस्टात एका गुरुवारी सकाळीच तिला कळा सुरू झाल्या. उम्म शफीक आली आणि बाळंतिणीच्या घरात एकही गाठ राहू नये म्हणून करतात तसं तिने सगळं सोडवायला घेतलं. दमियानाची वेणी सोडली, पेट्यांची झाकणं उघडली, कपड्यांची दोरी काढली, कांद्यांची माळसुद्धा उसवली.

“टाय काढ, पोरा,” ती मला म्हणाली. “आणि बुटांच्या नाड्या सोड.”

“माझ्या नाड्यांनी बाळ अडतंय होय?”

“तुझ्या जिभेने अडतंय. ती पण जरा सैल सोड, म्हणजे गप्प पडेल!”

मी सोडल्या नाड्या. दुपार झाली तरी बाळ येईना. दमियानाचा आवाज बसला. आणि तेवढ्यात ती आतून म्हणाली, “तार आहे. तुझाच आवाज आहे तिच्यात, खाला. दोनशेच्या वर गाठी आहेत.”

उम्म शफीक बाहेर आली. वहीबांकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. “माझं रडणं बांधून ठेवलंस?” ती हळू म्हणाली. “सोड.”

“नाही,” वहीब म्हणाले.

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मला मनातून आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण आतून दमियाना कण्हली आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी डबा माझ्या हातात कोंबला. “ह्या गाठी सुटत नाहीत, कापाव्याच लागतील. माझ्या हाताने होणार नाही. तू काप, भावा. एकही ठेवू नकोस.”

मी खाली माझ्या घरी आलो, दाराला कडी लावली, कात्री घेतली. डबा उघडला. पाच मिनिटं बसून होतो. मग डबा बंद केला आणि फळीवरची दुसरी तार काढली. कुठल्याशा पाशाचं भाषण होतं तिच्यावर. तिचे बोटभर बोटभर तुकडे केले. कुणाला काय कळणार? पोलाद सगळं सारखंच. बाईला धीर हवा होता, तो ह्यानेही मिळणार होता, आणि ती सात मिनिटं वाचणार होती. मी स्वतःला फार शहाणा समजलो.

उम्म शफीकने ते तुकडे परातीत घेऊन दमियानाला दाखवले. तिने त्यात बोटं फिरवली. “सुटलं,” म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघून हसली. मी दारातून पाहिलं ते.

मग मी डॉक्टरला आणायला पळालो. तो पाच वाजता आला. तोवर मुलगी झाली होती आणि दमियाना गेली होती. बाळ आडवं होतं, रक्तस्राव थांबला नाही, असं डॉक्टरने मला नीट समजावून सांगितलं. मला ते पटलं. आजही पटतं.

बायका जमल्या. उम्म शफीकने रिवाजाप्रमाणे दमियानाचं नाव घेऊन विलाप उचलायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. नुसता आवाज आला, लांब, मागचा भाग तेवढा, पुढचं काहीतरी कापून टाकल्यासारखा. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. बायका तिच्याकडे बघू लागल्या. तारेवरचा हाच आवाज माझ्याखेरीज फक्त वहीबांनी आधी ऐकलेला होता. ते भिंतीला टेकून बसले होते, आणि ते शांत होते. आपण सगळं कापून टाकलंय, असं त्यांना वाटत होतं. घामाने भिजलो होतो तो मी. दिवसभर घसा फाडल्यावर म्हातारीचा आवाज बसणारच, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. पण त्यानंतर ती सहा वर्षं जगली आणि कुठल्याच मयताला तिच्या तोंडून एक नाव निघालं नाही.

वहीबांनी यंत्राला पुन्हा हात लावला नाही. मुलीला, विदादला, त्यांनी एकट्याने वाढवलं. पुढे फितीचे दिवस आले. पॅरिसचे, कोलोनचे लोक रेडिओवर अशाच काहीशा गोष्टी करू लागले. मी चिडून म्हणायचो, “एफेंदी, हे तुम्ही आधी केलंय!” ते म्हणायचे, “असेल. त्यांना चांगलं जमलंय.” ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात ते वारले, झोपेत.

गेल्या शुक्रवारी विदाद आली होती. केस पिकलेत आता तिचे, पण मला अजून अम्मो, म्हणजे काका, म्हणते. चहा घेतला, आणि म्हणाली, “अम्मो तौफीक, बाबांचं ते काम, खरंच त्यातलं काही उरलं नाही? एखादा तुकडा?”

डबा तिच्या डोक्यावरच्या कपाटात होता. त्यातली तार मी कधी वाजवली नाही आणि कधी कापलीही नाही.

“का गं?” मी विचारलं.

“ऐकावंसं वाटतं कधीकधी.” मग तिने मान हलवली. “नाही, नसलेलंच बरं. बाबा म्हणायचे, तुझ्या आईसाठी मी एकही गाठ ठेवली नाही, म्हणून मला रात्री झोप लागते. ते खरं आहे ना, अम्मो?”

“खरं आहे, पोरी,” मी म्हणालो. “त्यांनी एकही ठेवली नाही.”