शटरचं बटण

आंधळगावच्या घराच्या खिडक्यांना विजेवर चालणारी शटर बसवली, तेव्हा बटण खिडकीजवळ हवं असं आई म्हणाली. मी ऐकलं नाही. मोबाइलवरून सगळी शटर एकदम बंद होतात, मग भिंत कशाला फोडायची?

मे महिन्यात दुपारी वरठीच्या कारखान्यात असताना गावाकडे आभाळ धुळीनं काळं झालेलं दिसलं. मी मोबाइलवर ‘बंद’ दाबलं आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं, या वेळेला आई खिडकीबाहेर हात काढून कट्ट्यावर वाळत ठेवलेल्या ताटातल्या कुरड्या उलटत असते. ‘थांबा’ दाबलं, पण नेटवर्क गेलं होतं. मग फोन लावत राहिलो. लागला तेव्हा नुसता वाजत राहिला. मी मोटरसायकल काढली.

घराशी पोचलो तर तिच्या खिडकीचं शटर वीतभर वर अडकलं होतं आणि त्याच्याखाली दबून वाकलेलं ताट दिसत होतं. आत अंधारात आई हात छातीशी धरून बसली होती.

“हात दाखव मले.”

बोटं सोललेली होती, पण हलत होती.

“फोन काहून नाही उचलला?”

“सोललेल्या बोटानं कसा उचलू? अन् तुह्या मोबाइलले दिसते का, मी इथं बसली हाय म्हणून?”



त्याच आठवड्यात मिस्त्रीनं आईनं दाखवलेल्या जागी, खिडकीशेजारीच बटण बसवलं. ते दाबून धरावं लागतं, सोडलं की शटर थांबतं. पहिल्यांदा आईनंच दाबलं, आणि मला म्हणाली, “मांगं सरक आधी.”