सीटखालचा दोर

केडगावच्या दुकानात गाडी ओढायचा पट्टा निवडत होतो. गाडीचं वजन मला तोंडपाठ आहे, त्यामुळे निवड सोपी होती. पण पिशवी उघडताच नव्या नायलॉनचा वास आला आणि मी अकोले तालुक्यातल्या घाटात पोचलो.

लहान होतो. हिवाळ्यातल्या सकाळी दाट धुक्यात आमची जीप बंद पडली. मागून धाकट्या काकांची जीप आली, दिव्यांना पिवळा कागद चिकटवलेली. शेताच्या वाटणीपासून वडील आणि काका एकमेकांशी बोलत नसत. जे काय सांगायचं ते आईमार्फत.

“वैनी, त्यान्ला इचारा, दोर हाय का?”

“त्याला सांग, न्हाई.”

मी गोंधळलो. नवा कोरा दोर माझ्याच सीटखाली होता. त्याचा असाच वास येत होता. आईलाही ते ठाऊक होतं. तिने वडिलांकडे एकदा बघितलं आणि काकांना ‘न्हाई’ म्हणून सांगितलं.

काकांनी आपला दोर बांधून आम्हाला गावापर्यंत ओढत आणलं. वडिलांनी तो सोडला, नीट गुंडाळला आणि आमच्याच जीपमध्ये ठेवला.

“त्याला सांग, उद्या घरी आणून देतो.”

“वैनी, म्हणावं, जेवायलाच या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोर द्यायला गेलेले वडील दिवेलागणीला परतले.

ते खोटं अभिमानापोटी बोलले, की त्या घरी जायला कारण हवं होतं म्हणून? तेव्हा कळलं नाही, आता विचारायला आई-वडील दोघंही नाहीत.

“साहेब, पट्टा डिकीत ठेवू?” दुकानदाराने विचारलं.

“नको,” मी म्हणालो, “सीटखाली ठेवा.”