तिसरी हाक

मरणाला चकवण्याचा इलाज सापडलेला माणूस जगात एकच आहे, आणि तो आमच्या मुर्री गावात, आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो. माझ्या नवऱ्याचे मामा. इलाज साधा आहे: पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. "भूत दोनदाच बलावते, सूनबाई. तिसऱ्यांदा बलावन तो मानूस." ही शिस्त ते दिवसाढवळ्याही पाळत. दवाखान्यात कंपाउंडरने दोनदा नाव पुकारलं, तर मामाजी ताप घेऊन परत. लग्नात पंगतीला एकदाच बोलावलं, तर उपाशी बसून राहिले आणि वर नवरीच्या बापालाच म्हणाले, "अजून दोनदा बलावाले तुले का झालं होतं?"

मोबाइल आला तसा हा प्रकार वाढला. ज्याच्याजवळ आपला नंबर, त्याला आपल्याला हाक मारता येते. म्हणून ते दर थोड्या महिन्यांनी सिम बदलत. मी चिडायची, पण फार बोलायची नाही, कारण त्यांचा एक पोरगा होता. बापाशी भांडून तो घरातून निघाला, तेव्हा मामाजींनी दारातून एकदाच हाक मारली. पोरगा वळला नाही. "वळन काऊन? मीच शिकवलं होतं त्याले," एवढंच ते एकदा माझ्याजवळ बोलले. तो परत कधी दिसला नाही.

सिम बदलत राहिले तर पोराने कुठे शोधावं? माझं गोंदियात इंटरनेटचं दुकान. मी त्यांना नेटवरचा एक फुकट नंबर काढून दिला, ज्याला ना सिम ना फोन. त्यावर आलेला मेसेज मामाजींच्या चालू सिमवर पुढे जाई. पाठवणारा कोण, ते दिसत नसे. मामाजींनी उत्तर दिलं तर ते ज्याचा मेसेज शेवटी आला, त्याला जाई. "म्हणजे हा नंबर कुठंच नाही?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर खूश झाले. "मंग भुताले सापडत नाही." पोराच्या एकूणएक दोस्ताला त्यांनी तो पाठ करायला लावला.

वर्षभर नुसत्या लॉटरीच्या जाहिराती आल्या. मग एका दुपारी दुकानात आले आणि माझ्यासमोर फोन धरला. पडद्यावर एकच शब्द: बाबा.

"उत्तर द्या ना!"

"एकच हाक हाय."

"मामाजी, पोरगा येऊन राहिला असेल तुमचा!"

"असन तं अजून दोनदा बलावन," म्हणाले आणि घरी गेले. फोन मात्र छातीशी दाबून धरला होता.

मला राग आला. दोन हाका कमी पडतात तर आपणच देऊ, म्हणून मी माझ्या फोनवरून त्या नंबरला 'बाबा' असं लिहून पाठवलं. एक गेला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला: आता शेवटचा मेसेज माझा. मामाजींनी उत्तर दिलं तर ते माझ्याच फोनवर येणार, पोराला पत्ताही लागणार नाही. दुकान तसंच टाकून स्कूटी काढली.

मामाजी ओट्यावर बसले होते. "आल्या तिन्ही," म्हणाले. मी फोन हातात घेतला. बाबा. बाबा. बाबा. मी पाठवला होता एकच. खाली त्यांचं उत्तर: ये, दार उघडं हाय.

मी माझा फोन पाहिला. काही आलं नव्हतं. रेंज पूर्ण होती. म्हणजे माझ्यानंतर कोणीतरी तिसरी हाक दिली होती आणि ते उत्तर त्याला पोचलं होतं. नेटवर्क कधी कधी एकच मेसेज पुन्हा टाकतं, हे मला ठाऊक आहे, आणि मी गिऱ्हाइकांना तेच सांगते. तरी त्या ओट्यावर माझ्या हाताचे केस उभे राहिले. मी माझ्या मेसेजचं त्यांना सांगितलं नाही. सांगून काय करणार होते?

पुढे त्या नंबरवर काही आलं नाही. पोरगाही आला नाही. मामाजींनी मात्र सिम बदलणं सोडलं, दाराची कडी लावणं सोडलं. संध्याकाळी मी भाजी द्यायला जाते. पूर्वी तीनदा हाक मारून घसा कोरडा व्हायचा. आता "मामा" एवढंच तोंडातून निघतं, 'जी' बाकीच असतो, तेवढ्यात आतून "ओ!" येते. इतकी घाईची, इतकी खुशीची की 'मी आहे' असं सांगायला मला जरा वेळच लागतो.