हॉलमधली पांढरी चूल

सोलापुरात शिवरात्र झाली की कूलर धुऊन ठेवावा लागतो. अशा गावात माझ्या भावानं नव्या घराच्या हॉलमध्ये, भिंतीत, विटांची शेकोटी बांधून घेतली. मोबाइलवर कुठल्यातरी गोऱ्यांच्या घराचा फोटो पाहिला होता. वर धुराडं नाही, नुसता आकार. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आमच्याकडे विटांची निघाली. हौसेला मोल नसतं हे मलाही कळतं. पण त्या हौसेत त्यानं आईला ओढलं, ते मी विसरणार नाही.

नवराबायको दोघं नोकरीला आणि घरात लहान मूल, म्हणून आई हवी होती. आई माढ्याकडच्या आमच्या गावात एकटी राहायची आणि तिथून हलायला तयार नव्हती. गॅसवरच्या भाकरीला ती भाकरीच म्हणत नाही. मग यानं फोनवर सांगितलं, तुझ्यासाठी विटांची चूल बांधलीय, हॉलमध्ये, आल्यागेल्याला दिसेल अशी. मी समोरच बसले होते. तो हसत होता. आईला ते हसू दिसलं नाही, तिनं खरं धरलं.

घर कायमचं सोडताना चूल तशीच मागं ठेवायची नाही, अशी आमच्याकडची रीत. थंड चुलीत कुत्री-मांजरं बसण्यापेक्षा बाईनं ती आपल्या हातानं मोडावी. आईनं मोडली, माती परसात नेऊन टाकली, खोल्या माझ्या चुलतभावाला देऊन टाकल्या आणि तवा, काठवट, गोवऱ्यांचं पोतं घेऊन सोलापूरला आली.

वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी रंगारी त्या विटांवर पांढऱ्या ऑइलपेंटचा शेवटचा हात मारून गेला. सकाळी सगळ्यांच्या आधी आई उठली. नवी चूल सारवल्याशिवाय पेटवत नाहीत, म्हणून तिनं त्या पांढऱ्या रंगावर शेणामातीचं पोतेरं फिरवलं, हळदकुंकू वाहिलं, आत जाळ केला आणि उतू घालवायला दूध ठेवलं. रंगाला फोड आले. हॉलभर धूर आणि घशात बसणारा घाण वास.

भाऊ धावत आला. दूध वर यायच्या आत त्यानं जाळावर बादलीभर पाणी ओतलं. वास्तुशांतीच्या दिवशी, आईनं पेटवलेल्या जाळावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी माहेरवाशीण, पाहुणी, गप्प बसले.

"आई, ही शोची आहे," तो म्हणाला. "यात काही पेटवायचं नसतं."

"मग मला चूल हाय म्हनून का सांगितलंस?"

"गंमत केली गं."

वहिनीनं गॅसवर दूध उतू घालवलं. रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं, तो शेणमाती खरवडायला लागला, तर आई त्याचीच माफी मागत राहिली. दुपारी पाहुण्यांनी त्या पांढऱ्या विटांपुढे उभं राहून फोटो काढले, आणि आई मागच्या खोलीत नातवाला झोपवत होती. सगळ्यांना ती अगदी योग्य जागी दिसली असणार.

महिनाभरात ती गावी परतली. आईला शहर मानवलं नाही, असं भाऊ सगळ्यांना सांगतो, आणि लोक माना डोलावतात.

परवा मी गावी गेले. खोल्यांत चुलतभावाचा संसार थाटलेला. त्याला काय बोल लावणार, दिलेलं कुणी परत मागत नाही. त्यानं आईला गोठ्याशेजारची पडवी दिली आहे. तिथं तीन दगडांवर तवा ठेवून ती भाकरी भाजत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, आता इथंच राहायचं तर एक नीट चूल तरी घाल की.

तिनं भाकरी उलटली.

"दुसऱ्याच्या घरात चूल घालत्यात व्हय?"