पंचफुलाबाईंचे चौदा एकर

महादेवरावांनी कॉम्प्युटर साफ केला, आणि त्या सफाईत बायकोचं चौदा एकर शेत पुसून टाकलं.

हेतू चांगलाच होता. जन्म कचेरीत जुन्या फायली निकाली काढण्यात गेलेला. निवृत्तीनंतर हात शिवशिवणारच. ज्या फोल्डरचं नाव कळलं नाही ते डिलीट केलं, वर रीसायकल बिनही रिकामं केलं. मग बायकोचा गेम उघडून बघतात तो पडदा विचारतोय, नवीन शेत सुरू करायचं का?

खरं शेत खाप्याला, दिराच्या हाती. पंचफुलाबाई धरमपेठेत तिसऱ्या मजल्यावर. मुलगी काजल सासरी जाताना कॉम्प्युटर आणि हा शेतीचा गेम मागे ठेवून गेली. चार वर्षांत बाईंनी दोन एकरांचे चौदा केले, विहीर खणली, आठ गाई बांधल्या, आठांची नावं ठेवली. पोळ्याला त्या गेममधल्या ट्रॅक्टरलाही सुट्टी देतात. "वर्षभर राबला न तो," म्हणतात.

महादेवरावांनी पुतण्याला फोन लावला. जितेंद्रचं सावनेरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

"डॉक्युमेंट्स उघडा काका. गेमच्या नावाचं फोल्डर आहे का? काकूची सेव्ह फाइल त्यातच राहते."

"होतं."

"होतं म्हंजे?"

"सकाळपर्यंत होतं."

"क्लाउडवर बी काही नाही. काकूनं ते चालूच नव्हतं केलं. कुठी आहे काकू?"

"भाजी आणाले गेली."

"मंग तुम्ही काही दिवस सावनेरले येऊन राहा."

बाई परतल्या. नवऱ्यानं आयता चहा पुढे केला, तेव्हाच त्यांनी ओळखलं. "काय केलं?"

महादेवरावांनी सगळं सांगितलं. गाईंचं शेवटी सांगितलं.

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. आता भांडी आपटणार म्हणून महादेवराव अंग चोरून बसले. पण बाई आल्या त्या चवळीच्या बियाण्याचा डबा घेऊन. राखेत घोळलेल्या बियाण्यात हात घालून त्यांनी प्लास्टिकची पुडी काढली, पुडीतून पेनड्राइव्ह. तो लावला, त्यातलं फोल्डर कॉपी करून जिथल्या तिथं ठेवलं, गेम उघडला. चौदा एकर जागेवर. विहीर जागेवर. गाई मोजल्या, आठ. फक्त कालची पेरणी नव्हती.

"शनिवारची कॉपी आहे हे," बाई म्हणाल्या. "दुसरा पेनड्राइव्ह खाप्याले, भाऊजीच्या कोठीत. बियाणं कोणी एकाच जागी ठेवते का?"

महादेवरावांचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या रुसला. चाळीस वर्षांचा संसार, अन् दिराला ठाऊक, नवऱ्याला नाही.

"एवढं सारं करून राहिली होती, त मले काहून नाही सांगितलं वं?"

बाई कालची पेरणी पुन्हा करायला बसल्या होत्या. त्यांनी मानही वळवली नाही.

"तुमच्यापासूनच त वाचवून ठेवलं होतं."