हजेरीपटावरची तीन वर्षं

ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि रियासतीच्या फौजेचे कागद नव्या कचेरीकडे जायला लागले, तेव्हा माझ्या यजमानांना जाऊन सात-आठ महिने झाले होते. जपान्यांच्या कैदेतून ते परत आले ते फुप्फुसं पोखरून घेऊनच. पुढे दोन वर्षं जगले. त्यांच्या नोकरीचा उतारा घरी आला, त्यात लढाईच्या तीन वर्षांसमोर एकच शब्द होता: गैरहजर.

मामंजींनी तो वाचला, घडी करून देवघरात पोथीखाली ठेवला. वाद घालून गेलेला माणूस परत येत नाही, म्हणाले. मला ते पटलं नाही. फौजेत गैरहजर म्हणजे पळालेला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक उरकून मी तो कागद काढला, मामंजींना सांगितलं आणि निघाले. त्यांनी अडवलं नाही. गोरखी वाड्यापर्यंत टांगा केला, पुढे कचेरीपर्यंत चालत गेले.

कारकुनाने समजावलं की यजमानांना दुसऱ्या पलटणीला जोडून पूर्वेकडे धाडलं होतं. तिकडून खबर आली नाही, म्हणून इथल्या हजेरीपटावर तसं लिहिलं गेलं. मी साहेबांना भेटायचं म्हटलं. साहेब बाहेरगावचे, हिंदी बोलणारे. मी त्यांच्यापुढे कैदेतून आलेलं एकुलतं एक पोस्टकार्ड ठेवलं. तेही हिंदीतच होतं, कारण पत्र तपासणाऱ्यांना मराठी येत नसे. मजकूर तीन ओळींचा. मी बरा आहे, जेवण ठीक मिळतं, इथे रोज एकादशी असते.

साहेब म्हणाले, हे तर चांगलंच दिसतंय; पूजापाठसुद्धा करू देत होते.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात वाढलेल्या बाईला हिंदी शोधावी लागत नाही. मी म्हटलं, "साहब, इस आदमी ने ज़िंदगी में एक एकादशी नहीं रखी. रोज़ एकादशी का मतलब है, रोज़ भूखा रखते थे."

साहेबांनी कार्ड पुन्हा वाचलं. मग 'गैरहजर' खोडून 'युद्धबंदी' लिहायला सांगितलं. पण कैदेत हाल झाले, हे नुसत्या माझ्या शब्दावर लिहिता येणार नाही, साक्षीदार हवा, असं म्हणाले.

साक्षीदार होता. यजमानांबरोबर कैदेत असलेले एक गृहस्थ किला गेटपाशी फुलांचं दुकान चालवायचे. तेराव्याला येऊन गेले होते, पण तिथलं अक्षरही काढलं नव्हतं. मी दुकानात जाऊन सगळं सांगितलं. ते हार ओवत राहिले.

"वहिनी, ते पुन्हा बोलायचं नाही असं मी ठरवलंय."

"भाऊजी, तुम्ही नाही बोललात तर त्यांच्याबद्दल हा कागदच बोलणार."

सोमवारी ते धुतलेला कोट घालून कचेरीत आले. उभ्यानेच बोलले. वाटीभर पातळ भात, दिवसभर दगड वाहायचे, पडला की काठी. एका आजाऱ्यासाठी यजमानांनी कोठीतून मीठ चोरलं, तेव्हा त्यांना दुपारभर उन्हात उभं करून मारलं होतं. तो आजारी म्हणजे आपण स्वतःच, असं सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला हे कधीच कळलं नव्हतं. दोन वर्षं मी यजमानांच्या पाठीला तेल चोळलं आणि वळांबद्दल विचारलं की ते 'पडलो होतो' म्हणायचे.

शेवटी त्यांनी सांगितलं की एक पहारेकरी मात्र लपवून हिवतापाच्या गोळ्या आणून द्यायचा. कारकुनाने लेखणी थांबवली. हे घालायचं का, त्याने साहेबांना विचारलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तेही लिहा," मी म्हटलं. "झालं तेवढं सगळं लिहा."

दोन महिन्यांनी दुरुस्त उतारा आला. मामंजींनी तो आधी मनात वाचला, मग माझ्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. मिठाच्या ओळीशी थांबले, चष्मा पुसला आणि पुढे वाचलं.

रविवारी ते आपणहून टोपी घालून तयार झाले आणि मला म्हणाले, "चल, त्या फूलवाल्याकडे ने मला." दुकानात दोघं समोरासमोर तासभर बसले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी बाहेर शेवंती निवडत होते.