जानराव पाटलांचा मंगळ

चुलीवर दूध ठेवून मी भाकरीचं पीठ मळत होते, तोच काठीनं दार बडवल्याचा आवाज आला. दाराला कडी असते हे न मानणारा माणूस आमच्या आसेगावात एकच, जानराव पाटील. दार उघडलं तर तेच. मागे गड्याच्या डोक्यावर लांबट पेटी.

“डॉक्टरीणबाई, नागपूरहून दुर्बीन आनली. चांदन्या पाहाची. तिचा कागद इंग्रजीत हाये. इंग्रजी मले येते, पन चष्मा घरी राह्यला.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

पाटलांनी आयुष्यात स्वतः मिळवलं म्हणावं असं काही नाही. शेत वडिलांचं, राबायला गडी, घर चालवायला विधवा बहीण मनकर्णाबाई. त्यांच्या वाट्याला उरलं ते खाटेवर बसून मान हलवणं. भिंतीवरचं घड्याळ आणलं, तर त्याला दुसऱ्या कुणी किल्ली द्यायची नाही. पाटील कारंज्याला मुक्कामी राहिले की घरातली वेळ थांबे. ग्रामोफोन आणला, तो पाहुण्यांना झाकण उघडून नुसता दाखवायचा. वाजवला तर झिजेल ना!

या खेळण्यांपायी आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. या खेपेला मात्र मनकर्णाबाईच्या लेकीचं, पंचफुलाचं लग्न त्यात अडकलं होतं. किन्हीराजा गावच्या मास्तरचं स्थळ, मुलाकडचा होकार आलेला, पोरीच्याही मनात होतं. पोरीच्या पत्रिकेत मंगळ होता, त्यावरही जोशीबुवांनी तोड काढून दिली होती. अडलं होतं मामाच्या शब्दावर. मुलाच्या बापानं पहिला निरोप मामाला न देता सरळ आईला दिला, हे पाटलांना झोंबलं होतं. ते तसं बोलत नव्हते, एवढंच.

“जोशी पोथीत पाह्यते,” ते मला म्हणाले, “मी मंगळ डोयानं पाहीन. यंदा तो जवळ आला म्हनतेत. पेटलेला दिसला तं उद्या किन्हीराजाले नकार धाडतो.”

छप्पन साल होतं. मंगळ खरंच जवळ आला होता. तो कशासाठी आला आहे ते पाटलांना आधीच ठाऊक होतं.

मी कागद वाचून सांगितला. तिन्ही पाय सपाट जमिनीवर घट्ट रोवायचे. दिवसाउजेडी मोठी नळी लांबच्या झाडावर लावायची, मग तिच्या पाठीवरची छोटी नळीही त्याच झाडावर आणायची, म्हणजे अंधारात चांदणी हुडकता येते. काचेला हात लावायचा नाही.

“दिवसा झाड पाहाले दुर्बीन कायले? झाड तं मले असंच दिसते.”

तरी माझ्याच अंगणात उभी करून त्यांनी डोळा लावलाच. देवळाजवळचा पिंपळ शेंड्यावर उभा दिसला. “फसवलं दुकानदारानं! उलटी दुर्बीन देल्ली मले!”

“आकाशाच्या दुर्बिणीत असंच दिसतं, पाटील. चांदणीला कुठलं आलंय वर आणि खाली?”

“माहीत हाये मले.”

ज्याला सगळं आधीच माहीत असतं त्याला शिकवायचे कष्ट वाचतात. मी आत येऊन भाकरी थापल्या.

आमच्याकडे पेरणीची तिफण असो की बैलगाडी, पूजा झाल्याशिवाय नवी वस्तू वापरत नाहीत. त्यात वावगं काही नाही. पण तिफणीला भिंग नसतं. दुर्बिणीचं तोंड कुठलं, एवढं मात्र पाटलांनी अचूक ओळखलं आणि तेलात कालवलेलं कुंकू नेमकं तोंडावरच्या भिंगाला फासलं. ओघळ आला म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसलं, म्हणजे भिंगभर पसरवलं. हे मला मागाहून मनकर्णाबाईनं सांगितलं.

दिवेलागणीनंतर त्यांच्या अंगणात अर्धं गाव जमलं. मनकर्णाबाई दाराशी, तिच्या मागे अंधारात पंचफुला. गोठ्याचं छप्पर, कडुनिंब, पुन्हा गोठा असं करत पाटलांनी कसाबसा मंगळ गाठला.

“पेटला! लालभडक! म्या म्हनलं नव्हतं?”

“दादा, एक डाव आखीन पाह्य ना,” मनकर्णाबाई दारातून पुढे आली.

“पाह्यलं. सकाळी गडी जाईन किन्हीराजाले.”

मागे पंचफुलाच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

“पाटील,” मी म्हटलं, “एकदा चंद्रावर लावा.”

लावली. “चांदही लाल हाये.”

“तो कशानं?”

“कशानं म्हंजे? मंगळाची आग चांदापर्यंत गेली!”

लोकांनी माना डोलावल्या. पाटील बोलला की माना डोलावण्याची गावाला सवयच आहे.

मी कंदील उचलून दुर्बिणीच्या तोंडाशी धरला. मग माझ्या पांढऱ्या लुगड्याचा पदर भिंगावरून नीट, सावकाश फिरवला. पदर लाल झाला. अंगणातल्या सगळ्यांनी तो पाहिला.

“आता पाहा.”

पाटलांनी डोळा लावला आणि उचलेचनात. शेवटी मनकर्णाबाईनं, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, भावाला खांद्यानं बाजूला सारलं.

“व माय! दुधावानी हाये चांद!” ती वळली. “दादा, पेटलं ते कुकू होतं. पोरीच्या कपायाले लागाचं ते तुह्या काचेले लागलं. बोल आता, होकार धाडू?”

कुणीतरी खुदकन हसलं. पाटलांनी घसा खाकरला, मिशीला पीळ दिला, आभाळाकडे पाहिलं.

“थंडा झाला म्हना मंगळ. माह्या पूजेनं.”

“होकार धाडू का नाई?”

“धाड.”

घरात शिरून मनकर्णाबाईनं लेकीला कवेत घेतलं. लोक पांगले. मीही निघाले, तर पाटील फाटकापर्यंत मागे आले. इकडे तिकडे पाहून, कधी नव्हे तो आवाज खाली आणून म्हणाले,

“डॉक्टरीणबाई, तेवढा पदर आज रातीच धुऊन टाका.”